बंदरांत बसणारा बाजार

जत्रा भरावयाची म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें प्रथम एक मैदान उभें राहतें. मैदान आखावें, खांब रोवावे, मांडव घालावे, दुकानदारांना जागा वांटून द्याव्या, आणि मग गिऱ्हाइकांची वाट पाहावी, हा आपला नेहमींचा क्रम. आज मी ज्या जत्रेविषयीं सांगणार आहें तिला मैदानच नाहीं. ती पाण्यावर भरते. तिची जमीन दर वर्षीं नव्यानें तयार करावी लागते, आणि जत्रा उठली कीं ती जमीनही उचलून न्यावी लागते. तेथें विकावयास मांडलेला माल आपल्या पायांनीं, म्हणजे आपल्या शिडांनीं किंवा यंत्रांनीं, दुकानांत चालत येतो.

हें स्थळ म्हणजे अमेरिकेंतील मेरीलंड राज्याची राजधानी ॲनापोलिस. त्या देशाच्या पूर्व किनाऱ्याला चेसापीक नांवाचें सुमारें २०० मैल लांबीचें आखात आहे. त्याच्या पश्चिम तीरावर, सेव्हर्न नदीच्या मुखाशीं हें शहर वसलेलें आहे. वस्ती सुमारें ४०,०००. म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गांवाएवढी. पण इतिहास मोठा. सतराव्या शतकाच्या अखेरीस गव्हर्नर फ्रान्सिस निकल्सन यानें त्याची आखणी केली, आणि पुढें राणी झालेल्या ॲन या राजकन्येचें नांव त्याला मिळालें. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध संपल्यावर जॉर्ज वॉशिंग्टन यांनीं आपल्या सेनापतिपदाचा राजीनामा दिला तो २३ डिसेंबर १७८३ रोजीं, याच गांवच्या सभागृहांत. आज ज्या धक्क्यावर हौशी लोक आइस्क्रीम खात हिंडतात, त्याच गांवच्या बंदरांत १७६७ सालीं आफ्रिकेंतून पकडून आणलेल्या माणसांचें एक जहाज लागलें होतें. त्याची आठवण देणारे पुतळे धक्क्याच्या टोंकाशीं बसविलेले आहेत. पुढें बाल्टिमोरचें खोल व मोठें बंदर पुढें आलें, तसा व्यापार तिकडे गेला. ॲनापोलिसकडे उरलें तें एक चिमुकलें बंदर, जुनीं विटांचीं घरें, १८४५ पासूनचें आरमारी विद्यालय आणि शिडाच्या नौकांचा छंद. या छंदानेंच गांवाला पुन्हां नांव मिळवून दिलें.

आतां नौकांचें प्रदर्शन पाण्यावरच कां भरवावें, हा प्रश्न कोणाच्याही मनांत येईल. न्यूयॉर्कसारख्या शहरांत विसाव्या शतकाच्या आरंभापासून अशीं प्रदर्शनें मोठमोठ्या दिवाणखान्यांत भरत असत. यंत्रावर चालणाऱ्या लहान होड्यांना तें चालतें. शिडाच्या नौकेची गोष्ट निराळी. चाळीस फूट लांबीची नौका घेतली तर तिची डोलकाठी पाण्यापासून साठ फुटांच्या आसपास उंच जाते, आणि पाण्याखालीं तिचा जड कणा पांच ते सात फूट उतरलेला असतो. ती छपराखालीं न्यावयाची म्हणजे डोलकाठी काढून, खालीं लांकडाचे ओंडके देऊन, शिडी लावून दाखवावी लागते. डोलकाठी नसलेली शिडाची नौका म्हणजे तारा काढून ठेवलेला तंबोरा. भोपळा किती सुंदर आहे हें पाहतां येईल. तो बोलतो कसा हें कळावयाचें नाहीं. ॲनापोलिसमध्यें नौकानयन शिकविणारी एक शाळा चालविणाऱ्या जेरी वुड या गृहस्थानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं ही अडचण उलट्या बाजूनें सोडविली. नौका घरांत आणण्याऐवजीं घरच पाण्यावर न्यावें, असें त्यांनीं ठरविलें. १९७० सालीं शिडाच्या नौकांचें पहिलें प्रदर्शन या बंदरांत भरलें. १९७२ पासून यांत्रिक नौकांचेंही वेगळें प्रदर्शन सुरू झालें. तेव्हांपासून ऑक्टोबर महिना म्हणजे या गांवचा जत्रेचा महिना. फक्त २०२० सालीं महामारीमुळें तो सुना गेला.

बंदर चिमुकलें आहे असें मी म्हटलें. त्याचा सर्वांत आंतला भाग म्हणजे शहराच्या बाजारपेठेंत थेट शिरलेली पाण्याची एक अरुंद पट्टी. तिला पुढें वाट नाहीं. नौका आंत आली कीं जागच्या जागीं वळून पुन्हां बाहेर पडावें लागतें. एरवीं उन्हाळ्याच्या संध्याकाळीं आपली चकचकीत नौका लोकांना दाखवावी एवढ्याच हेतूनें पुष्कळ मालक तेथें एक फेरी मारून जातात, म्हणून गांवकऱ्यांनीं तिला ‘अहंकाराची गल्ली’ असें नांव दिलें आहे. आपल्याकडे नवी मोटार घेतलेला मनुष्य कारण नसतां ती भर पेठेंतून नेतो, त्यांतलाच हा प्रकार. वळतांना एखाद्याचा अंदाज चुकून नौका धक्क्यावर आपटली, तर धक्क्यावरच्या प्रेक्षकांची करमणूक होते ती निराळीच.

जत्रेच्या आधीं ही गल्ली आणि तिच्या तोंडाशीं असलेलें बंदर रिकामें करावें लागतें. नेहमींच्या नौकांना जागा सोडावी लागते. किनाऱ्यावर मोटारी उभ्या करण्याची जागा असते, तीही मोकळी होते आणि तेथें तंबू उभे राहूं लागतात. तोंपर्यंत पाण्यावर खरें काम चालूं झालेलें असतें. यारी बसविलेला एक सपाट पडाव येतो. बंदराचा तळ चिखलाचा. त्या चिखलांत लांबलचक लांकडी खुंट ठोकले जातात. मग लहान लहान कामकरी होड्या तरत्या धक्क्यांचे तुकडे ढकलीत आणतात. तरता धक्का म्हणजे काय तें सांगतों. लांकडाची एक भक्कम चौकट, वर फळ्या, आणि खालीं पाण्यांत न बुडणारे हवाबंद पेटारे. असे तुकडे एकमेकांना बिजागरीप्रमाणें जोडतात आणि खुंटांना कड्यांनीं अडकवितात. कडें खुंटावर वरखालीं सरकूं शकतें. त्यामुळें पाणी चढलें कीं धक्का चढतो, उतरलें कीं उतरतो, पण बाजूला मात्र जात नाहीं. असे तुकडे जोडत जोडत पाण्यावर रस्ते, गल्ल्या, चौक तयार होतात. काल जेथें बदकें पोहत होतीं तेथें दुसऱ्या आठवड्यांत हजारों माणसें चालणार असतात.

सर्वांत अवघड कोडें यानंतरचें. नौका आणि धक्के हीं एकाच वेळीं, एकाआड एक, आंत आणावीं लागतात. सगळे धक्के आधीं मांडून ठेवले तर मोठ्या नौकांना आंत शिरावयास वाटच उरत नाहीं. सगळ्या नौका आधीं आणल्या तर धक्के कोठून न्यावयाचे? म्हणून गल्लीच्या अगदीं आंतल्या टोंकाकडील नौका प्रथम येतात. त्यांच्या मागें धक्क्याचा तुकडा लागतो. त्या धक्क्याला पुढची रांग बांधली जाते. तिच्यामागें आणखी धक्का. अशा रीतीनें आंतून बाहेर भरत यावें लागतें. जी नौका आंत कोंडली गेली ती प्रदर्शन संपेपर्यंत कोंडलेलीच. आगगाडींत बांकाखालीं सामान कोंबतांना आपण पहिल्यानें ठेवलेली पेटी शेवटच्या स्टेशनापर्यंत हातीं लागत नाहीं, हा अनुभव सर्वांचा आहे. येथें पेट्यांच्या जागीं लाखों डॉलर किंमतीच्या नौका असतात, आणि त्या पेट्यांप्रमाणें स्वस्थ राहत नाहींत; वारा आला कीं हलतात.

म्हणून प्रत्येक नौकेची जागा कागदावर कितीतरी आधीं ठरलेली असते. लांबी, रुंदी, पाण्याखालील खोली, डोलकाठीची उंची, सारें पाहावें लागतें. खोल कण्याची नौका उथळ कडेला लावून चालत नाहीं. शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन नौकांच्या डोलकाठ्या डुलतांना एकमेकींना लागतां कामा नयेत, म्हणून त्या थोड्या पुढेंमागें ठेवाव्या लागतात. त्यांत अलीकडे जोडनौकांची भर पडली आहे. दोन सांगाडे शेजारीं ठेवून वर एक मजला बांधलेली ही नौका. साध्या चाळीस फुटी नौकेची रुंदी १३ फुटांच्या आसपास असते, तर तेवढ्याच लांबीच्या जोडनौकेला २० फुटांहून अधिक जागा लागते. बंदर तर १९७० सालीं जेवढें होतें तेवढेंच आहे. आंखणी करणाऱ्या माणसाची काय तारांबळ होत असेल याची कल्पना लग्नांत पंगतीचीं पानें मांडणाऱ्या गृहस्थाला चांगली येईल.

इकडे बंदरांत हें चाललें असतां खाडीपलीकडे ईस्टपोर्ट या उपनगरांतल्या व आसपासच्या नौका-कारखान्यांत रात्रींचे दिवे जळत असतात. प्रदर्शनांतली नौका नवी असते, पण ती तयार स्थितींत येत नाहीं. कांहीं नौका मोठ्या मालमोटारींवरून येतात. डोलकाठी आडवी करून शेजारीं बांधलेली असते. फ्रान्स, जर्मनी अशा देशांतल्या नौका मालवाहू जहाजांच्या पाठीवर बसून महासागर ओलांडतात. दक्षिण आफ्रिकेंतील केप टाउन येथें बांधलेल्या कांहीं जोडनौका तर खलाशांनीं अटलांटिकवरून हांकीत आणलेल्या असतात. सहासात हजार सागरी मैलांचा प्रवास करून आलेली नौका ‘अगदीं कोरी’ म्हणून मांडावयाची, म्हणजे तिच्यावरचें मीठ आणि प्रवासाचे ओरखडे आधीं घालवावे लागतात. जमिनीवरून आलेल्या नौकेचे सोपस्कार वेगळे. पट्ट्यांच्या पाळण्यांत घालून ती पाण्यांत उतरवावी, यारीनें डोलकाठी उभी करावी, तारांचा ताण दोन्ही बाजूंनीं सारखा करावा, शिडें चढवावीं, लांकडाला चकाकी द्यावी. ताणाचें काम नाजूक असतें. एका बाजूची तार सैल राहिली तर डोलकाठी किंचित् वाकडी दिसते, आणि जाणता गिऱ्हाईक तेवढ्यावरून पुढच्या नौकेकडे वळतो. अखेरच्या दोन दिवसांत गाद्यांचे अभ्रे, टेबलावरचीं फुलें, फळांची परडी असला संसार मांडला जातो. नौका विकणाऱ्या माणसाला ठाऊक असतें कीं शीड पाहून नवरा भुलतो, पण होकार बहुधा स्वयंपाकाची जागा पाहून मिळतो. प्रत्येक नौकेच्या पुढें धक्क्यावर एक टोपली ठेवलेली असते. ती कशासाठीं? पाहुण्यांनीं पायांतले जोडे काढून आंत ठेवावे म्हणून. साहेबाच्या देशांत देवळाच्या पायरीवरचा हा शिरस्ता पाहून आपल्या मनुष्याला खरोखर घरच्यासारखें वाटावें.

आतां एका गोष्टीचा खुलासा केला पाहिजे. असला बाजार आपल्या मुंबई बंदरांत कां मांडतां येणार नाहीं? याचें उत्तर भरती-ओहोटींत आहे. मुंबईस उधाणाच्या दिवसांत पाण्याची चढउतार १२ ते १६ फुटांपर्यंत होते. सकाळीं धक्क्याच्या बरोबरीनें असलेली होडी दुपारीं विहिरींत उतरल्यासारखी खालीं दिसते. तेथें किनाऱ्यावरून तरत्या धक्क्यावर टाकलेली फळी सहा तासांत शिडी होऊन बसेल. ॲनापोलिसला नेहमींची भरती-ओहोटी अवघी एक फुटाच्या आसपास. चेसापीक आखात लांब आहे, तोंडाशीं त्या मानानें अरुंद आहे आणि उथळ तर फारच. त्याची सरासरी खोली सुमारें २१ फूट भरते. महासागराची लाट इतक्या दूर आंत येईतों तिचा जोर संपत आलेला असतो. म्हणून म्हाताऱ्या माणसानें किंवा बाबागाडी ढकलणाऱ्या आईनें रस्त्यावरून सरळ पाण्यावर चालत जावें, हें तेथें शक्य होतें. ही जत्रा उभी आहे ती त्या एका फुटावर.

तेथें चंद्रापेक्षां वाऱ्याची सत्ता अधिक. वायव्येकडून जोराचा थंड वारा सुटला तर तो आखातांतलें पाणी बाहेर लोटतो, आणि खोल कण्याच्या नौका चिखलांत रुतून बसतात. दक्षिणेकडून किंवा आग्नेयीकडून वारा वाहूं लागला तर पाणी आंत तुंबतें, तरते धक्के किनाऱ्यापेक्षां वर येतात आणि उतरतीच्या फळ्या चढणीच्या होतात. ऑक्टोबरमध्यें दोन्ही प्रकार संभवतात. त्यामुळें मांडणी करणारांचा एक डोळा कागदावर आणि दुसरा वातकुक्कुटावर असतो. विजेच्या तारा जमिनीवरून न नेतां उचलून नेणें हें तेथें केवळ नीटनेटकेपणासाठीं नसतें.

परंतु जी गोष्ट सोयीची, तीच आतां गांवाला भोंवूं लागली आहे. ज्या बंदरांत पाणी एक फुटानेंच चढतें, तेथें धक्का उंच कशाला बांधावा? जुन्या लोकांनीं तो पाण्याच्या पातळीपासून थोडाच वर बांधला, आणि त्यांचें कांहींच चुकलें नाहीं. मात्र १९२८ पासून तेथें पाण्याची उंची मोजण्याचें काम चालूं आहे, आणि त्या नोंदींप्रमाणें या अवधींत पाणी एक फुटाहून अधिक वर आलें आहे. एक फूट हा आंकडा ऐकावयास क्षुल्लक वाटतो. पण भरती-ओहोटीचें अंतरच जेथें एक फूट, तेथें त्याचा अर्थ असा होतो कीं आजची ओहोटी त्या काळच्या भरतीच्या जागीं येऊन उभी राहिली आहे, आणि आजच्या भरतीला उभें राहावयास धक्क्याखालीं फारशी जागा उरलेली नाहीं.

याचीं कारणें दोन आहेत. पृथ्वी तापत असल्यामुळें समुद्राचें पाणी फुगतें व हिमनद्यांचें पाणी त्यांत येऊन मिळतें, हें एक. तें सर्व जगास समान आहे. दुसरें त्या प्रदेशापुरतें. हजारों वर्षांपूर्वीं उत्तर अमेरिकेच्या उत्तर भागावर बर्फाचा प्रचंड थर होता. गादीवर जड मनुष्य बसला कीं त्याच्या बाजूची गादी थोडी फुगते, तशी बर्फाखालची जमीन दबून पलीकडची जमीन वर आली होती. बर्फ गेला, तो फुगवटा तेव्हांपासून सावकाश खालीं बसत आहे. म्हणजे तेथें पाणी चढत आहे आणि जमीनही उतरत आहे.

परिणाम आंकड्यांत पाहावयाचा तर असा : १९५७ ते १९६३ या काळांत ॲनापोलिसच्या सखल भागांत पाणी येण्याचे दिवस वर्षाला सरासरी चारही नव्हते, २००७ ते २०१३ या काळांत ते सरासरी ३९ झाले. पाऊस नसतां, वादळ नसतां, स्वच्छ उन्हांत गटारांच्या तोंडांतून समुद्र उलटा वर येतो आणि बाजारपेठेंत घोंटाभर पाणी उभें राहतें. १९३३ च्या ऑगस्टमधील वादळ आणि २००३ च्या सप्टेंबरमधील ‘इझाबेल’ हीं तर वेगळीच. इझाबेलच्या वेळीं पाणी नेहमींच्या ओहोटीच्या पातळीहून सुमारें सात फूट चढलें, आणि तेंही जत्रेच्या अवघें तीन आठवडे आधीं! दुकानदारांच्या रोजच्या नुकसानीचें मात्र वादळासारखें नांव होत नाहीं. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें दिसलें कीं २०१७ मध्यें या पाण्यामुळें धक्क्यावर येणारीं माणसें शेंकडा दोनहून कमी प्रमाणांतच घटलीं. हा आंकडा थोडा आहे असें म्हणणारास मी विरोध करीत नाहीं. पण पाणी ज्याच्या उंबरठ्यावर येतें त्या दुकानदाराला सरासरी समजावून सांगणें कठीण.

शहरानें उपाय योजिला आहे. धक्क्यावरच्या मोटारी हलवाव्या म्हणून जवळच जुन्या जागीं नवें बहुमजली वाहनतळ २०२३ सालीं उघडण्यांत आलें. धक्क्याची जमीन उंच करावी, तेथें बाग करावी, आणि पाणी चढूं लागलें कीं उभे करतां येतील असे अडसर बसवावे, अशी ती योजना आहे. येथें जत्रेचा प्रश्न पुन्हां पुढें येतो. कायमची भिंत घातली तर पाणी थांबेल, पण माणूसही थांबेल. गांवाचें सारें वैशिष्ट्यच असें कीं रस्ता कोठें संपला आणि बंदर कोठें सुरू झालें हें चालणाराला कळूं नये. म्हणून एरवीं खालीं निजून राहणारा आणि गरजेपुरताच उठणारा अडसर हवा. तो महाग पडतो, आणि वेळेवर उठला पाहिजे ही जबाबदारी कोणावर तरी येते. तरी माझ्या मतें ही निवड योग्य आहे. बंदर दिसेनासें झालेल्या बंदराच्या गांवाला कोरडें राहून फारसा लाभ नाहीं.

जत्रेचा शेवटचा दिवस पुष्कळ वर्षें ऑक्टोबरमधील दुसऱ्या सोमवारीं येत असे. अलीकडे तो रविवारीं आला आहे. त्या संध्याकाळीं जे तिकिटें काढून प्रदर्शन पाहावयास आले नव्हते ते गांवकरीसुद्धां किनाऱ्यावर जागा धरून बसतात, कारण खरा तमाशा आतां असतो. दाराशीं बांधलेला शेवटचा धक्का प्रथम सुटतो. कामकरी होड्या त्याला ओढून नेतात, आणि त्याच्यामागें अडकलेल्या नौका एकामागून एक बाहेर पडूं लागतात. मग आंतला धक्का, मग आंतल्या नौका. मांडणीच्या वेळीं ज्या क्रमानें आल्या, बरोबर त्याच्या उलट क्रमानें. चार दिवस फुलांच्या परड्या घेऊन स्तब्ध बसलेल्या नौकांचीं यंत्रें धडधडूं लागतात, विक्रेते जोडे घालून सुकाणूवर उभे राहतात, आणि कोणी वळण चुकलें कीं किनाऱ्यावरून टाळ्या पडतात. मांडणीला जेथें दिवसचे दिवस लागले, तेथें बंदराचा बराच भाग कांहीं तासांत मोकळा होतो. सर्वांत आंतली नौका मात्र थांबून राहते. ती सर्वांच्या आधीं आलेली असते. आपल्यापुढचे सारे धक्के निघून जाईपर्यंत तिचा मालक डोलकाठीला टेकून सिगारेट ओढीत बसतो, आणि अंधार पडल्यावर केव्हां तरी, कोणी पाहत नसतां, गल्लींतून बाहेर पडतो. त्यानंतर यारीचा पडाव परत येतो आणि खुंट उपटावयास लागतो.